लेकराच्या वाट्याचा वेळ

दसरा ते दिवाळी हे दिवस परभणी जिल्ह्यातल्या आयांच्या ओढाताणीचे. सोयाबीन खळ्यावर यायचं असतं, कापूस पहिल्या वेचणीला आलेला असतो, घराची झाडलोट आणि फराळाचं सामान डोळ्यांसमोर नाचत असतं. सेलू, मानवत, पाथरीच्या काळ्या रानांत सकाळी नऊच्या आत बायकांच्या टोळ्या निघतात. डोक्यावर भाकरीचं गाठोडं, हातात विळा, आणि एखादीच्या कडेवर वर्ष-सव्वा वर्षाचं लेकरू. बांधावरच्या लिंबाला जुन्या लुगड्याची झोळी बांधायची, लेकरू तीत निजवायचं आणि पात धरायची. पात पुढे सरकते तशी झोळी मागे पडत जाते. लेकरू उठून रडायला लागलं की पात सोडून मागे यावं लागतं. काम गुत्त्यावर घेतलेलं असेल तर तेवढ्यात बाकीच्या बाया पुढे निघून जातात.

यंदाच्या अंकाचा विषय ‘घर’ ठरला, आणि घरात लहान मूल वाढतं म्हणजे रोज नेमकं काय होतं, ते पाहायला परभणीकडे वळावंसं वाटलं. पुण्या-मुंबईत ‘सजग पालकत्व’ हा शब्द आता रुळला आहे. त्याच्या कार्यशाळा होतात, पुस्तकं निघतात, मुलाशी कसं बोलावं, रागावलं तर काय करावं, यावर आया एकमेकींशी तासन्‌तास बोलतात. ही सजगता चांगलीच आहे. पण तिला एक गोष्ट आधी लागते, ती म्हणजे आईच्या हाताशी मोकळा वेळ. परभणीच्या नऊ तालुक्यांत जाणीवपूर्वक मूल वाढवणाऱ्या आया कमी नाहीत. त्यांच्याकडे कमी आहे तो वेळ. जिल्ह्यातली बालसंगोपनाची सगळी गोष्ट या एका टंचाईभोवती फिरते.

सवा महिना

या टंचाईत एक काळ मात्र आईला हक्काने मिळत आला आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मराठवाड्यात अजून घट्ट आहे. सातव्या महिन्यात ओटी भरली की लेक माहेरी येते आणि बाळाला घेऊनच परत जाते. पहिला सवा महिना तिने चुलीपुढे बसायचं नाही, पाणी भरायचं नाही, उंबरा ओलांडायचा नाही. सकाळी न्हाऊ घालणारी बाई येते. ती पाय लांब करून बसते, नडग्यांवर बाळ उताणं घेते, कोमट तेलाने चोळते, मग ऊन पाण्याने न्हाऊ घालते. बाळ दुपट्यात गुंडाळून आईच्या कुशीत ठेवलं की दोघं गाढ झोपतात. बाळंतिणीला डिंकाचे नि अळिवाचे लाडू, खसखशीची खीर, मेथीची भाजी, जेवणानंतर बाळंतशोप.

पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, या समजुतीने पाटा-वरवंटा पुजतात आणि शेजारी कोरा कागद ठेवतात. परभणी शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या मुस्लिम घरांत छठी होते आणि बाळंतिणीचे चाळीस दिवस पाळले जातात. रीती वेगळ्या, हिशेब जवळपास तोच. वैद्यकशास्त्रही प्रसूतीनंतरचा सहा आठवड्यांचा काळ वेगळा मोजतं. या काळात आईने बाळाला जवळ घ्यावं, पाजावं आणि झोपावं, एवढीच अपेक्षा असते. घराच्या जुन्या रितीत आईच्या विश्रांतीला इतकी ठाम जागा दुसरीकडे कुठे सापडत नाही.

याच सवा महिन्यात काही धोकेही शिरतात. पहिलं घट्ट पिवळसर चीकदूध ‘बाळाला बाधेल’ म्हणून काढून टाकायचं, जन्मल्या जन्मल्या मध चाटवायचा, सहाणेवर उगाळलेली गुटी रोज द्यायची, कानात तेल घालायचं, बंद खोलीत ओव्याची धुरी करायची. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, कारण त्यातल्या जंतूंच्या बीजकणांशी लढायची ताकद त्याच्या आतड्यात अजून आलेली नसते. चीकदूध तर बाळाची पहिली लसच मानलं जातं.

गावात काम करणाऱ्या आशाताई हे सगळं एका दमात ‘चूक’ म्हणत नाहीत, आणि हे त्यांचं शहाणपण आहे. मालिश चालू द्या, लाडू चालू द्या, फक्त मध आणि गुटी थांबवा, धुरीच्या वेळी बाळ दुसऱ्या खोलीत न्या, अशी वाटाघाट त्या आजीशी करतात. बाळंतिणीच्या खोलीत शब्द आजीचा चालतो. आजीला बाजूला सारून दिलेला सल्ला ताई गेल्यावर तासाभरातच विरतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असतं.

उंबऱ्यावर येणारी ताई

बाळ दवाखान्यात जन्मलं असेल तर घरी आल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. खांद्याच्या पिशवीत थर्मामीटर, झोळीचा वजनकाटा आणि घड्याळ. ती बाळाचं अंग गार आहे का पाहते, छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. श्वास साठ किंवा त्याहून जास्त भरले तर बाळाला दवाखान्यात हलवायचं. आई पाजते कशी, बाळाने स्तनाग्रच तेवढं धरलंय की भोवतीचा काळा भागही तोंडात घेतलाय, हेही ती पाहते.

ही पद्धत महाराष्ट्रातच घडली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं. १९९९ साली ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि पुढे देशभर आशांच्या गृहभेटी त्यावरच उभ्या राहिल्या. गावातली, आपल्यासारखीच बोलणारी बाई घरी येऊन बसते, हीच या भेटींची ताकद. दवाखान्यात न विचारलेला प्रश्न तिला ओसरीवर विचारता येतो: दूध पुरत नाही असं वाटतंय, काय करू?

बाळ सहा महिन्यांचं झालं की अंगणवाडीचा संबंध दाट होतो. सेविका दरमहा वजन-उंची घेते आणि दंडाला रंगीत पट्टी लावते. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला की लाल, म्हणजे बाळ तीव्र कुपोषित. साडेबारापर्यंत पिवळा. गावात या मुलांना ‘सॅम’ आणि ‘मॅम’ म्हणतात. हे शब्द आता आयांच्याही तोंडी बसले आहेत. तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी घरी न्यायचा कोरडा आहार मिळतो, त्याहून मोठ्यांना अंगणवाडीत शिजवलेलं अन्न. आहार घ्यायला आलेल्या आईचा चेहरा सेविकेने मोबाईलवर टिपून पडताळायचा, नोंदी ‘पोषण ट्रॅकर’वर भरायच्या. नेटवर्क गेलं की आया ताटकळतात. त्यातल्या कुणाची रोजाची वेळ टळते, आणि मुलांना गोष्ट सांगायला सेविकेकडे उरलेला अर्धा तासही जातो.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, पण अंगणवाडीची कल्पना त्याहून जुनी आणि मराठी मातीतली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीत गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी अंगणात भरणारी बालवाडी चालवली. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा विचार. परभणीची अंगणवाडी आज अंगण सोडून पक्क्या खोलीत आली आहे. तिची वेळ मात्र शेतावरच्या दिवसाशी जुळत नाही. दुपारी ती सुटते तेव्हा आई अजून रानात पातीवर असते. चार वर्षांच्या मुलाला आणायला सात-आठ वर्षांची ताई जाते आणि तिची शाळा बुडते.

जी स्वतःच अजून लहान आहे

परभणीतल्या आईपणाबद्दल लिहिताना एक आकडा टाळून पुढे जाता येत नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयोगटातल्या स्त्रियांपैकी ४८ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झाल्याचं आढळलं. त्या पाहणीत महाराष्ट्राची सरासरी २१.९ टक्के होती, आणि परभणीएवढं मोठं प्रमाण राज्यातल्या दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्यात नव्हतं. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. गावात ग्रामसेवक हा प्रतिबंध अधिकारी असतो आणि १०९८ या क्रमांकावर तक्रार करता येते. तरी मांडव पडतातच, कधी शेतात, कधी दुसऱ्या तालुक्यात, कधी पहाटे.

कारणं घराच्या हिशेबात दडलेली आहेत. आईबाप ऊसतोडीला पाच-सहा महिने जाणार, मागे वयात आलेली लेक कुणाच्या भरवशावर ठेवायची? गावात शाळा सातवीपर्यंत किंवा दहावीपर्यंत, पुढे एस.टी.ची वाट आणि मुलीला एकटी पाठवायची भीती. वय वाढलं की हुंडा वाढतो. ऊसतोडीत तर नवरा-बायकोची जोडी म्हणजेच एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घ्यायची तर जोडी लागते. लग्न लांबलं की तेवढी कमाईही लांबते. दुष्काळ, नापिकी आणि डोक्यावरचं कर्ज या हिशेबाला रेटा देतात. मुलीच्या बापाला क्रूर ठरवून हा प्रश्न सुटत नाही, पण बापाची अडचण समजून घेतल्याने मुलीच्या अंगावर पडलेलं ओझंही हलकं होत नाही.

सोळा-सतराव्या वर्षी गरोदर राहिलेल्या मुलीचं स्वतःचं शरीर अजून वाढत असतं. तिच्या नि बाळाच्या वाट्याचं अन्न एकाच ताटातलं. बाळ कमी वजनाचं जन्मण्याची भीती मोठी. वय अठरा भरलेलं नसल्याने दवाखान्यात नोंद लांबवली जाते, कारण नोंद म्हणजे पोलिसांची भीती. पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास सहा हजार देणाऱ्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतही ती बसत नाही. म्हणजे मदतीची सर्वांत जास्त गरज असलेलीच आई कागदावर दिसत नाही.

अशा आईकडे जाणाऱ्या ताईचं काम दुहेरी असतं, बाळाचं आणि या मुलीचंही. बाळ का रडतं हे तिला कळत नाही. घाबरून ती त्याला सासूकडे देते, आणि हळूहळू सगळे निर्णय सासूचे होतात: कधी पाजायचं, वरचं दूध कधी सुरू करायचं, दवाखान्यात न्यायचं की बाहेरचं बघायचं. या मुलीला सल्ल्याआधी कुणीतरी जवळ घेऊन ‘तुला जमतंय गं’ असं म्हणावं लागतं. गावोगावच्या अनेक सेविका हे करतात, आणि हे काम कुठल्याही ॲपच्या रकान्यात भरलं जात नाही.

पहिला घास

सहावा महिना संपला की उष्टावण. मामाच्या मांडीवर बसवून चांदीच्या नाण्याने खीर चाटवायची हौस अजून पुष्कळ घरांत आहे. आता अंगणवाडीतही सामुदायिक अन्नप्राशनाचा कार्यक्रम होतो. समारंभ चांगला पार पडतो. कठीण असतात ते पुढचे बारा महिने, कारण बाळाला दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं, ताजं आणि मऊ भरवावं लागतं. भरवायला बसलं की पाऊण तास जातो. दिवसात चार पाऊण तास शेतमजूर बाईने कुठून आणायचे?

मग सोपी वाट सापडते. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा चहात बुडवून दिला की लेकरू गप्प होतं. किराणा दुकानाच्या दारात लटकणाऱ्या कुरकुरीत पुड्यांच्या माळा आता लहानातल्या लहान वस्तीतही दिसतात. कामावर जाताना लेकराच्या हातात एक पुडा देणं हा आईच्या मायेचाच भाग असतो. तिला दुसरं काही देता येत नाही म्हणून ती हे देते. पोट भरतं, वजन वाढत नाही, आणि पाहणीच्या वेळी पट्टी पिवळी येते.

खरं तर या जिल्ह्याच्या मातीत बाळाचं उत्तम अन्न पिकतं. ज्वारीच्या कण्या, मुगाच्या वरणात कुस्करलेली भाकरी, त्यावर तेलाची किंवा तुपाची धार, शेंगदाण्याचं कूट, शेवग्याचा पाला, अंडं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘इक्रिसॅट’ बरोबर ‘परभणी शक्ती’ नावाचा ज्वारीचा वाण २०१८ मध्ये दिला. भारतातला हा पहिला जैवसमृद्ध ज्वारीचा वाण. नेहमीच्या वाणांत किलोमागे ३० मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, यात ते ४५ च्या आसपास आहे. जस्तही २० ऐवजी ३२ च्या घरात. रक्ताची कमतरता असलेल्या आयांच्या जिल्ह्यात हे संशोधन नेमक्या जागी झालं. पण शेतं सोयाबीनने व्यापली, ज्वारीचा पेरा घटला, आणि सोयाबीन बाजारात जाऊन घरात रेशनचा गहू-तांदूळ आला. विद्यापीठाच्या आवारापासून काही किलोमीटरवरच्या घरातल्या बाळाच्या वाटीत ही ज्वारी पोचावी, यासाठी ती अंगणवाडीच्या आहारात यायला हवी. तेवढा निर्णय सरकारच्या हातातला आहे.

मराठवाड्याला या बाबतीत एक चांगली आठवण आहे. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ साली औरंगाबादहूनच, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, सुरू झालं. बाळाच्या पहिल्या हजार दिवसांवर सारा जोर देऊन वेगवेगळी खाती एका कामाला लावली गेली. दोन वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचं राज्यातलं प्रमाण २००५-०६ मधल्या ३९ टक्क्यांवरून २०१२ च्या पाहणीत २३ टक्क्यांच्या आसपास आलं. तो वेग पुढे टिकला नाही. पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुरटलेली होती.

बोलणं, ओवी आणि मोबाईल

बाळाला अन्नाइतकंच बोलणं लागतं. जमैकातल्या किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये खुरटलेल्या १२९ लहान मुलांवर एक प्रयोग झाला. काही घरांत आरोग्यसेविका आठवड्याला एक तास जायची, घरच्याच टाकाऊ वस्तूंची खेळणी न्यायची आणि आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवायची. दोन वर्षं हे चाललं. वीस वर्षांनी ती मुलं मोठी झाल्यावर पाहिलं, तर भेटी मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. आठवड्याचा एक तास एवढं करून गेला, कारण त्या तासाने बाकीच्या दिवसांतलं आईचं वागणं बदललं.

महाराष्ट्रात याच धर्तीचं काम ‘आरंभ’ या नावाने उभं राहिलं. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, युनिसेफ आणि राज्याचा बालविकास विभाग यांनी ते घडवलं. सेविकांना शिकवलं, गृहभेटींत बाळाशी खेळायचे सोपे प्रकार दिले आणि गावात पालक मेळावे भरवले. केंद्रानेही २०२४ मध्ये ‘नवचेतना’ हा तीन वर्षांखालच्या मुलांसाठीचा आराखडा आणला. त्यात वयाप्रमाणे १४० कृती आहेत. त्यातल्या बहुतेक कुठल्याही आजीच्या ओळखीच्या निघतील: पदराआड तोंड लपवून ‘भो’ करणं, वाटीत वाटी बसवायला देणं, नाक-कान-डोळे दाखवायला लावणं. परभणीत विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे पूर्वीच्या गृहविज्ञान महाविद्यालयात, मानव विकास हा विषय शिकवला जातो. जिल्ह्याच्या ठिकाणी असं ज्ञान असणं ही मोठी जमेची बाजू आहे.

मुलाशी बोलण्याची इथली जुनी जागा जात्यापाशी होती. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाजही त्या कामात ध्वनिमुद्रित झाला. पहाटे दळताना मांडीवर डोकं ठेवून पडलेलं लेकरू हे सगळं ऐकत असे. लेकाचं कौतुक, लेकीची काळजी, माहेरची ओढ त्याच्या कानांवर पडत राही. पिठाची गिरणी आली आणि बाईच्या हातांचे ते कष्ट सुटले. ते सुटायलाच हवे होते. पण दळणातून सुटलेला वेळ लेकराच्या वाट्याला आला नाही. तो मजुरीने घेतला.

आता त्या जागी मोबाईल आहे. ‘मोबाईल लावल्याबिगर लेकरू घासच घेत न्हाई,’ हे वाक्य वस्तीवस्तीत ऐकू येतं. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं. पण ज्या आईला एका हाताने भाकरी थापायची आणि दुसऱ्या हाताने चुलीजवळ रांगणारं मूल आवरायचं आहे, तिला मोबाईल हा एकमेव सोबती वाटतो. तिला दोष देण्याआधी तिच्या हातातलं मूल घेणारं घरात दुसरं कुणी आहे का, ते विचारावं. जिंतूर तालुक्यातल्या तांड्यांवर तर आणखी एक पेच असतो. बंजारा घरात मूल गोरमाटी बोली ऐकत वाढतं आणि अंगणवाडीत एकदम मराठी कानांवर येते. सेविका तांड्यातलीच असेल तर ते मूल लगेच बोलू लागतं, नसेल तर कितीतरी महिने गप्प बसतं.

बालसंगोपनाची कुठलीही खेळणीपेटी पोळ्याच्या आधीच्या आठवड्याची बरोबरी करू शकणार नाही. ओढ्याकाठची काळी चिकणमाती आणायची, मळायची, बैल करायचे, शिंगं मोडली की पुन्हा लावायची. चार-पाच वर्षांची मुलं तासन्‌तास त्यात रमतात आणि मोठी मुलं त्यांना शिकवतात. शाळेसाठी लागणारी बोटांची तयारी इथे फुकट होते.

आजीची मांडी, बापाचा खांदा

जिथे आजी धडधाकट आहे, तिथे आई कामावर गेली तरी मूल सांभाळलं जातं. पण चाळिशीतली आजी स्वतःही रोजाने जाते. लवकर लग्नं झालेल्या जिल्ह्यात आज्याही तरुण असतात, हे लक्षात येत नाही. मग राहते पणजी. तिला दिसत नाही, चालवत नाही, आणि धावणाऱ्या दोन वर्षांच्या मुलामागे ती पळू शकत नाही. उघड्या विहिरी, पाण्याचे हौद, शेततळी, कीटकनाशकाचे डबे असलेल्या गावात हा खेळ जिवावरचा आहे.

बापाची जागा मात्र बदलते आहे. पूर्वी वडीलधाऱ्यांसमोर स्वतःच्या लेकराला उचलून घेणं तरुण बापाला शोभत नसे. त्यालाही ऊर भरून येत असेल, पण तो भावाच्या मुलाला घेई आणि आपलं मूल आईकडे सोडे. आज परभणीच्या आठवडी बाजारात, एस.टी. स्टँडवर, दवाखान्याच्या रांगेत मुलाला खांद्यावर घेतलेले बाप सहज दिसतात. लसीकरणाच्या दिवशी मोटारसायकलवरून बायको-मुलाला आणणारा तोच असतो. रात्री मूल रडलं तर उठणं, ढुंगण धुणं, बाळुती वाळत घालणं, हे अजून ‘बाईचं काम’ आहे. पालक मेळाव्यांना बाप यावेत म्हणून काही सेविका मेळावा संध्याकाळी किंवा अमावास्येला ठेवतात, कारण अमावास्येला बऱ्याच ठिकाणी औत धरत नाहीत. ही युक्ती छोटी आहे, पण परिणाम करणारी आहे. बापाने मूल घेतलं तर आईला तास मिळतो, आणि मुलाला दुसरा आवाज.

फडावरचं बाळ

दिवाळीच्या आगेमागे गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर भागांतल्या वाड्या-तांड्यांवरून ट्रक आणि ट्रॅक्टर भरतात. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडांकडे कुटुंबं निघतात. मार्च-एप्रिलपर्यंत बाळाचं घर म्हणजे पाचट आणि प्लास्टिकच्या कागदाची खोपी. आई पहाटे तीन-चारला उठते, चूल पेटवते, भाकरी करते आणि अंधारातच फडात जाते. लहान बाळ सोबत नेऊन उसाच्या पाचटावर निजवतात, जरा मोठं खोपीत भावंडाच्या ताब्यात ठेवतात. गाडी रात्री भरायला आली तर रात्रीही तेच. पाजायचं तेव्हा आई मोळ्यांच्या आडोशाला बसते, आणि मुकादमाची हाक आली की उठते.

कोरडा आहार, वजन, लस हे सगळं गावच्या अंगणवाडीत. पोषण ट्रॅकरवर मुलाचं नाव दुसऱ्या अंगणवाडीत वर्ग करता येतं, पण खोपी दर काही आठवड्यांनी हलते, आणि तिथल्या सेविकेला हे मूल आपल्या गावचं वाटत नाही. शाळकरी मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली, त्यांचा उपयोगही झाला. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला मात्र आईपासून वेगळं ठेवता येत नाही. म्हणून सोय फडावरच करावी लागेल. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामाच्या ठिकाणी सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमायची तरतूद होती. मातीकामाला जे सुचलं ते उसाच्या फडाला लागू करायला साखर कारखान्यांना कोणती अडचण आहे? उसाच्या टनामागे काही रुपये बाजूला काढले तर प्रत्येक खोपीतळावर एक सावलीची जागा, पाण्याचा माठ आणि मुलांकडे पाहणारी एक बाई ठेवता येईल. हे कारखान्यांनी करायला हवं. ऊसतोड कामगारांसाठीच्या कल्याण महामंडळाने ते करून घ्यायला हवं.

कुरणात गेलेली शाळा

ताराबाई आणि अनुताई पुढे बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जात, म्हणून शिक्षिकाच कुरणात गेल्या आणि कुरणशाळा भरली. कामाची वेळ आणि जागा पाहून शाळेची वेळ आणि जागा ठरली. परभणीला आज नेमकं हेच हवं आहे: सोयाबीन काढणीचा आणि कापूस वेचणीचा हंगाम असेल तेव्हा सकाळी आठ ते संध्याकाळी सहा उघडं राहणारं पाळणाघर. अंगणवाडीला जोडून पाळणाघर काढायची केंद्राची ‘पालना’ योजना आहे. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं तिथे दिवसाचे सात-साडेसात तास राहू शकतात. देशभरासाठी ठरलेली संख्या मात्र १७ हजार आहे, आणि एवढ्याने सगळी गावं कधीच भरणार नाहीत.

पैसा गावातही आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा, असा राज्याचा नियम आहे. पुष्कळ गावांत तो खुर्च्या, सतरंज्या, शिलाई मशीन यांवर संपतो. त्यातून दोन बायकांना चार महिन्यांचं मानधन, चार झोळ्या, एक चटई, मऊ खिचडी शिजवायला गॅस आणि शेगडी एवढं निघालं, तर त्या हंगामात गावातल्या वीस-पंचवीस आयांना पात सोडून बांधाकडे धावावं लागणार नाही, आणि तितक्याच मोठ्या बहिणी शाळेत बसतील.

ज्या वाचकांचं गाव परभणीच्या नऊ तालुक्यांपैकी कुठे आहे, त्यांनी या दिवाळीत गावी गेल्यावर सरपंचांना विचारावं: या वर्षीचे महिला व बालकल्याणाचे दहा टक्के कुठे खर्च झाले? २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. हंगामी पाळणाघराचा ठराव त्या सभेत मांडता येतो, आणि तो मांडायला गावातल्या एका बाईने हात वर करणं पुरेसं आहे.